बिनपाण्याची हजामत

माझ्याकडे आज बावीस वस्तरे आहेत, सतरा सेफ्टी रेझर आहेत आणि तोंडावर दाढी आहे. पाहुणे कपाट उघडून बघतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, तुम्हाला हे कशाला लागतं?" शाळेतल्या मुलांनी तर वेगळाच शोध लावला होता की सर मुंबईला जाऊन सलून टाकणार आहेत. दाढी ठेवणाऱ्यालाही वस्तरा लागतो, हे त्यांना सांगावं लागतं. गाल आणि गळा साफ करून दाढीची कड नीट राखण्याला उर्दूत 'ख़त बनाना' म्हणतात. ख़त म्हणजे रेघ आणि ख़त म्हणजे पत्रही. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे अशा शब्दांवर माझा तास नेहमी लांबतो.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, बिनपाण्याची हजामत करणे. एखाद्याला चारचौघांत सोलून काढणे. ज्याने पाणी न लावता दाढी करून घेतली असेल त्यालाच यातली खरी धार कळेल. गंमत अशी की या वाक्प्रचारातला 'हजामत' शब्द अरबीतून आला. 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे. ते करणारा तो हज्जाम. पूर्वी फोड कापणारा, तुंबडी लावणारा, सुंता करणारा आणि केस कापणारा माणूस एकच होता. पुढे शस्त्रक्रिया डॉक्टरांकडे गेली, केस त्याच्याकडे राहिले आणि शब्दाचा अर्थ केसांपुरता उरला. 'वस्तरा' फारसीतल्या 'उस्तुरा'चा धाकटा भाऊ. ज्या धातूचा तो बनतो ते 'पोलाद'ही फारसीच. पण म्हणी मात्र दोन्ही भाषांनी आपापल्या ठेवल्या. मराठी माणूस माकडाच्या हाती कोलीत देतो, उर्दू माणूस त्याच माकडाच्या हाती उस्तरा देतो. दोन्ही माकडं सारखीच धोकादायक.

हे सगळं लिहायचं कारण माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील. ते शहागडचे हज्जाम. गोदावरीच्या काठावरचं हे गाव, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातलं, १ मे १९८१ नंतर जालना जिल्ह्यातलं. आसपासच्या चार-पाच गावांतली मुसलमान घरं दादांची. अंतरवाली सराटी त्यातलंच एक. गावाचा वतनदार न्हावी वेगळा असे. आमच्या भागात त्याला वारीक म्हणतात. त्याचं बलुतं ठरलेलं, खळ्यावरचा त्याचा वाटा ठरलेला. दादांना बलुत्यात जागा नव्हती, पण बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसले की समोर बसेल त्याची दाढी करत. पैसे नसतील तर धान्य घेत. तेव्हा निजामाचा हाली सिक्का चालायचा. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा, हा हिशेब दादा म्हातारपणीही बोटांवर करून दाखवायचे.

त्यांची धोकटी चामड्याची होती. आत दोन-तीन वस्तरे, कातर, नखं काढायची नराणी, चिमटा, तुरटीचा खडा, पितळी वाटी, धार लावायचा दगड, चामड्याचा पट्टा आणि कडेने डाग पडलेला आरसा. साबण नव्हता. वाटीत पाणी घ्यायचं आणि दोन बोटांनी गालावर चोळत राहायचं. गिऱ्हाईक गावातल्या बातम्या सांगत असे, दादा चोळत असत. आज मला कळतं की त्या चोळण्यातच निम्मं काम होतं. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. इंग्रजी पुस्तकांत याच गोष्टीवर पानंच्या पानं आहेत. दादांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं, "उस्तरा बाद में, पैले पानी को काम करने दे."

१९९० मध्ये दादा गेले. मी बारा वर्षांचा होतो. त्याच वर्षी शाळेत एका मुलाने मला 'ए हजामा' म्हणून हाक मारली, वर्ग हसला आणि शिकवणारेही हसले. कोणती शाळा आणि कोण शिक्षक हे सांगण्यात आता काही अर्थ नाही. त्या संध्याकाळी घरी आलो. घरात कोणी नव्हतं. खुंटीवरची धोकटी काढली आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. त्या पैशांची कुल्फी खाल्ली. अब्बा मला रागावले नाहीत. ते स्वतः हा धंदा सोडून नोकरीला लागलेले होते. फक्त म्हणाले, "आरसा तरी ठेवायचा होता."

जालना सोन्याचा पाळणा असं आमच्याकडे म्हणतात. अलीकडे ते पोलादाचा पाळणा आहे. देशभरातून आलेलं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि त्याच्या सळया होतात. शहागडहून भंगार जालन्याला जायचं. म्हणजे दादांचे वस्तरे एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये असणार, असं मी बरीच वर्षं मानत आलो. बी.एड. झालं, नोकरी लागली आणि पहिल्या सुट्टीत पुण्याच्या जुन्या बाजारात एक गंजका वस्तरा दिसला. विकणाऱ्याला तो नको होता, मला तो हवा होता. तिथून हा छंद सुरू झाला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईची मटन स्ट्रीट आणि हैदराबादचा जुमेरात बाजार हीदेखील माझी तीर्थं झाली. नातेवाईकांच्या लग्नांना मी एरवी टाळाटाळ करतो, हैदराबादचं लग्न मात्र चुकवत नाही.

माझ्या बावीसपैकी बहुतेक वस्तरे इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि काही जर्मनीतल्या झोलिंगेनचे आहेत. जालन्याला एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, औरंगाबादला होती, सिकंदराबादला तर मोठीच. छावणीबरोबर अशा वस्तू येतात आणि छावणी उठली तरी मागे राहतात. वस्तऱ्याचं वय पात्याच्या दांडीवर लिहिलेलं असतं, फक्त वाचता यायला हवं. अमेरिकेने १८९० मध्ये एक जकात कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशात बनला ते लिहिणं त्याने सक्तीचं केलं. त्यामुळे शेफिल्डचे कारखानदार गावाच्या नावाखाली देशाचं नावही ठोकू लागले. नुसतं 'शेफिल्ड' असेल तर वस्तरा बहुधा त्याआधीचा, 'शेफिल्ड, इंग्लंड' असेल तर नंतरचा. जोसेफ रॉजर्स या जुन्या कारखान्याच्या मालावर एक तारा आणि एक क्रॉस असतो. मुठी शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या, पुढे सेल्युलॉइडच्या. सेल्युलॉइडची मूठ जपावी लागते. ती जुनी होऊन कुजायला लागली की शेजारच्या पोलादालाही गंज चढवते. असा एक चांगला वस्तरा माझ्या आळसाने गेला.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर थक्क केलं ती सांगतो.

शेफिल्डचं नाव झालं ते तिथल्या मुशीत वितळवलेल्या पोलादामुळे. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने ही रीत तिथे १७४०च्या दशकात बसवली. पण मातीच्या बंद मुशीत पोलाद करण्याची कला दख्खनला त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून माहीत होती. लोखंडाचे तुकडे आणि थोडा पालापाचोळा किंवा कोळसा मुशीत घालायचा, तोंड मातीने लिंपायचं, तासन् तास भाता मारायचा आणि मग मूस सावकाश निवू द्यायची. आत पोलादाची जड वडी तयार व्हायची. कानडी आणि तेलुगूत तिला 'उक्कु' म्हणतात. इंग्रजांनी त्याचं 'वूट्झ' केलं. आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानातलं कोनासमुद्रम हे गाव यासाठी प्रसिद्ध होतं. व्हॉयसी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथली भट्टी पाहून केलेलं वर्णन १८३२ मध्ये छापून आलं. इराणी व्यापारी थेट तिथे येऊन पोलाद घेऊन जात. ज्या तलवारींना जग दमास्कसच्या म्हणतं त्यांच्यातल्या कितीतरी तलवारींचं पोलाद असंच हिंदुस्थानातून गेलेलं.

१७९४ मध्ये मुंबईत राहणाऱ्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. नमुन्यांवर हातोडा चालवून पाहणाऱ्यांत जेम्स स्टोडार्ट होता. तो लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवायचा. हे पोलाद त्याला इतकं आवडलं की त्याने आपल्या जाहिरातीच्या पत्रिकेवरच छापलं की माझे वस्तरे वूट्झचे आहेत आणि हे पोलाद मला युरोपातल्या उत्तम पोलादाहून सरस वाटतं. पुढे या स्टोडार्टबरोबर एका तरुण शास्त्रज्ञाने काम केलं, त्याचं नाव मायकेल फॅरडे. विजेच्या धड्यात मुलं ज्याचं नाव पाठ करतात तोच. १८१९ मध्ये त्याने वूट्झचं पृथक्करण केलं. त्यानंतर १८२० आणि १८२२ मध्ये दोघांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. त्या प्रयोगांतून तयार झालेल्या पोलादाचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेट दिले.

म्हणजे पोलाद इकडून गेलं, त्याचं विज्ञान तिकडे झालं आणि वस्तरे छावण्यांच्या पेट्यांतून पुन्हा इकडे आले. इकडच्या भट्ट्या मधल्या काळात थंड पडल्या. स्वस्त विलायती पोलाद आलं आणि त्याबरोबर हुन्नरही संपला. शहागडच्या माझ्या दादांनी अभिमानाने "ये विलायती है" म्हणून जो वस्तरा दाखवावा, त्याच्या पणज्या-खापरपणज्या कधीकाळी निजामाच्याच मुलखात जन्मलेल्या असाव्यात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि पाणी चोळत राहिले असते.

सेफ्टी रेझरची कथा मात्र सगळी अमेरिकेची आणि तीही पैशांची. किंग कँप जिलेट हा फिरता विक्रेता. वापरून फेकून देण्याची वस्तू शोध म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल, असा सल्ला त्याला मिळाला होता. पातळ पत्र्याच्या पात्याला धार टिकेल अशी पाणी देण्याची रीत विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर वाटले. लाखो तरुण घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन. न्हाव्याच्या धंद्यावर एवढा मोठा घाव दुसऱ्या कशाने घातला नसेल.

अमेरिकेत बनलेल्या १९५०च्या दशकातल्या जिलेट रेझरच्या तळाशी एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. 'झेड ३' म्हणजे १९५४ ची तिसरी तिमाही, 'ए १' म्हणजे १९५५ ची पहिली. माझ्याकडे एक 'ए १' आहे. पितळेचा, वरचा मुलामा उडालेला. अब्बांचा रेझर यापेक्षा साधा होता, तीन तुकड्यांचा. त्यात टोपाझचं पातं, गोदरेजचा गोल साबण आणि शेवटी तुरटी. रविवारी सकाळी अंगणात आरसा टेकवून अब्बा दाढी करायचे. हज्जामाचा मुलगा स्वतःची दाढी स्वतः करतो याचा त्यांना काय आनंद होता, हे तेव्हा मला कळत नव्हतं. दुसऱ्याच्या हनुवटीला हात लावायची वेळ त्यांच्यावर येणार नव्हती.

वस्तऱ्याचा शेवट झाला तो १९९०च्या दशकात. एड्सची भीती गावोगाव पोहोचली, लोक दुकानात पाऊल ठेवताच "नवीन ब्लेड लाव" म्हणू लागले. न्हाव्यांनी ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवायचा उस्तरा घेतला. योग्यच झालं. पण जुने वस्तरे किलोवर गेले. या बाबतीत मी फक्त काळाच्या थोडा पुढे होतो.

आता जरा अवघड भाग. संग्रह करणाऱ्यांना आपल्या वस्तूंवर फार माया जडते. वस्तऱ्याच्या बाबतीत ती आंधळी होऊ नये, कारण हे हत्यार कुणाच्या डोक्यावर चाललं आणि कुणाच्या गालाला लागलं नाही, यात आपला सगळा समाज दिसतो.

महाराष्ट्रातल्या न्हाव्यांचा इतिहास तसा ताठ मानेचा आहे. संत सेना न्हावी तर वारकऱ्यांच्या मुख्य संतांत. त्यांच्यासाठी विठ्ठल स्वतः धोकटी घेऊन राजाकडे गेला अशी कथा आहे आणि काही कथांत तो राजा बिदरचा बादशहा आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण प्रतापगडच्या जिवा महालाची. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेले माथेरानचे भाई कोतवाल याच समाजातले, वकील झालेले. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती १८९० ची मुंबईतली घटना. त्या काळी ब्राह्मण विधवांचं केशवपन होत असे आणि त्यासाठी न्हाव्याला बोलावत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि शेकडो न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे ते हेच, आणि तेही त्याच वर्षी. सुधारकांची भाषणं खूप झाली होती. इथे ज्याच्या हातात हत्यार होतं त्यानेच हात आवरला.

त्याच हाताने दुसरीकडे वेगळाच नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. गावात न्हावी होते, घरात पैसे होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हता. भावांचे केस थोरली बहीण कापायची आणि कापून कापून त्यात तरबेज झाली होती.

हे मी वर्गात अनेकदा सांगितलं होतं. सांगताना माझा समज असा की हे 'त्यांच्यातलं' आहे, आपल्यात असलं काही नाही. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आपण. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी धोकटीच्या आठवणी रंगवून सांगत होतो. निवृत्तीला आलेले एक सहकारी ऐकत होते. दलित वस्तीत वाढलेले, शहागडच्याच बाजूचे. ते म्हणाले, "तुमच्या आजोबांना मी पाहिलंय. बाजारात झाडाखाली बसायचे. माझा बाप एकदा त्यांच्यासमोर बसला होता. वारीक करत नाही, मुसलमान तरी करेल म्हणून." मी विचारलं, मग? "मग काही नाही. तुमचे आजोबा म्हणाले, बाकीचे गिऱ्हाईक उठून जातील. बाप उठला."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, वर मला चहाही पाजला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सय्यदांच्या लग्नात दादांना पंगतीत शेवटी बसवायचे, हे मला घरी शंभर वेळा ऐकवलं गेलं होतं. दादांनी कुणाला उठवलं हे मात्र एकदाही नाही. पोटाचा प्रश्न होता हे खरं आहे. न्हाव्यांच्या सभेत १८९० मध्ये बसलेल्या शेकडो माणसांनाही पोट होतं, हेही खरं आहे.

आपल्याकडे जात नाही असं म्हणत राहिल्याने आपलं काय नुकसान झालं ते पुढे जालन्याच्याच शब्बीर अन्सारींनी दाखवून दिलं. मुस्लिम ओबीसींची चळवळ त्यांनी इथून उभी केली. हज्जाम, पिंजारी, जुलाहा, कसाब अशा कष्टकरी बिरादऱ्या नुसत्या 'मुसलमान' नाहीत, मागासही आहेत, हे सरकारच्या गळी उतरवायला वर्षं गेली. माझ्याच शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढंच आहे. वर्गाला मी हजाम आहे हे पाठ होतं, दाखल्याला मात्र माहीत नव्हतं.

कागदांवरून आठवलं. २०२३ च्या ऑगस्ट अखेरीस मनोज जरांगे पाटलांचं उपोषण अंतरवाली सराटीत सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दादा ज्या गावाला पायी जायचे ते गाव देशभरच्या टीव्हीवर आलं. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळच्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या आणि ती दप्तरं उर्दूत आणि मोडीत. एकाएकी मराठवाड्यात उर्दू वाचणाऱ्याला भाव आला. ज्या भाषेला आयुष्यभर 'तुमची भाषा' म्हणून बाजूला सारलेलं पाहिलं, तिचे कागद घेऊन लोक माझ्या दारात येऊ लागले. मी कुणाला नाही म्हटलं नाही. आरक्षण कुणाला कसं मिळावं हा वाद मोठा आहे आणि ओबीसी म्हणून माझंही त्यात काही म्हणणं आहे, पण कागद वाचून दाखवायला मत लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये अंतरवाली सराटीच्या एका घरून बोलावणं आलं. १४ तारखेची मोठी सभा होऊन गेली होती. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी लोखंडी ट्रंक पुढे ओढली. वर शेतसाऱ्याच्या पावत्या, खाली शिकस्ता अक्षरात लिहिलेले दोन कागद. मी तास-दीड तास वाचत बसलो. गट, शेताच्या चतुःसीमा, पणजोबांचं नाव, सारा. कुणबी हा शब्द नव्हता. मी तसं सांगितलं. कुणी काही बोललं नाही. त्यांच्या नातवाने मोबाइलवर फोटो काढले, दुसरीकडे दाखवू म्हणाला. दाखवायलाच हवेत.

कागद परत ठेवताना ट्रंकेच्या कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. आकारावरूनच मी ओळखलं. विचारलं, हे काय?

"ते व्हय? ते शहागडच्या हजामाचं. बहात्तरच्या दुष्काळात ठिवून गेलता."

दोन पायली ज्वारीवर. मी कोण ते तोवर त्यांना ठाऊक नव्हतं, शाळेचे उर्दूचे सर एवढंच. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "ते माझे दादा." गावात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मंग नाकावरून कळाया पायजे व्हतं."

जोसेफ रॉजर्स. तारा, क्रॉस, खाली शेफिल्ड, इंग्लंड. काळ्या शिंगाची मूठ, टाचेजवळ पात्याला छोटी खाच. पातं झिजून झिजून अरुंद झालेलं. बाजारात याला फार किंमत येणार नाही. संग्राहकांना भरलेलं, रुंद पातं हवं असतं. मी किंमत विचारली तेव्हा आजोबांनी हात झटकला. म्हणाले, गहाण वस्तू विकत नसतात, सोडवतात. आणि पैसे नकोत, ज्वारीवर ठेवलं होतं, ज्वारीच आण.

वस्तरा त्यांनी लगेच दिला. तो घरी आणून मी आधी गंज काढला, मग दगडावर धार लावली. पातं दगडावर सपाट टेकवायचं, कणा आणि धार दोन्ही एकाच वेळी घासली गेली पाहिजेत, नाहीतर कोन बिघडतो. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास फेरे, आता कणा पुढे आणि धार मागे, उलट झालं तर पट्टाच कापला जातो. खाच मी घासून काढलेली नाही. ती काढायची तर उरलेलं पातंही जाईल. दाढीची कड करायला तेवढं पुरतं. गालावर साबण न लावता, दादांच्या पद्धतीने नुसतं पाणी चोळून पाहिलं. पहिल्या दिवशी घाई केली आणि गळ्याजवळ कापलं. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं मोजून चोळलं.

सहकाऱ्यांना मी तो वस्तरा दाखवला. ते आता निवृत्त झाले आहेत. मला काही बोलायचं होतं, जमलं नाही. त्यांनी तो उघडला, अंगठ्यावर आडवा धरून धार पाहिली, मिटून परत दिला आणि विचारलं, "दोन पायली दिल्या का मग?"

दिल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी अंबडच्या बाजारात गेलो. दुकानदार किलोत मोजणारा, तिशीतला. पायली म्हणजे किती ते त्याला सांगता येईना. शेजारचा म्हातारा म्हणाला चार शेर. मग शेर केवढा यावर त्या दोघांत वाद लागला, कारण म्हाताऱ्याच्या गावचा शेर वेगळा आणि शहागडचा वेगळा. शेवटी मी पंधरा किलो घेतली, चांगली टपोरी शाळू, आणि पोतं मोटारसायकलला बांधून अंतरवालीचा रस्ता धरला. आजोबांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि आत हाक दिली, "सून, माप आण गं."